पाणथरीचा पहारा

धान निसवले की बांधीवर राखण लागते. रात्री रानडुकरे येतात. म्हणून आपण जागलीला जातो. माळ्यावर बसतो, शेकोटी पेटवतो, डबा वाजवतो, हाकारा देतो. एक रात्र जागल चुकली तर सकाळी काय दिसते? अर्धी बांधी तुडवलेली असते.

डुकरे काही एकाच रात्री येत नाहीत. ती रोजच येतात. पीक वाचते ते जागल्यामुळे.

आपल्या शरीराचेही असेच आहे.

रोगजंतू सगळीकडे आहेत. ते इतके बारीक आहेत की डोळ्यांना दिसत नाहीत. ते पाण्यात असतात, धुळीत असतात, आपल्या हातांवर असतात. धडधाकट पोरांच्या नाकात आणि घशातसुद्धा न्यूमोनियाचे जंतू राहतात. मग सगळी पोरे रोज आजारी का पडत नाहीत?

कारण शरीरात जागल्या आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना धरतात आणि गिळून टाकतात. रक्तात काही खास द्रव्येही तयार होतात. ती जंतूंना चिकटतात आणि पांढऱ्या पेशींना ते ओळखू येतात. या सगळ्या राखणीला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे. रोगाला अडवण्याची शक्ती.

काही माणसांची ही शक्ती दुबळी असते. पोटभर आणि सकस अन्न मिळाले नाही तर ती दुबळी होते. म्हणून कुपोषित मुलाला साधा खोकलाही भारी पडतो. मधुमेह वाढला तर जखमा चिघळतात. एचआयव्हीचा विषाणू तर जागल्यांवरच घाव घालतो. म्हणून त्या रोग्याला औषध मिळाले नाही तर क्षयरोग लवकर गाठतो. थोड्या मुलांत जन्मापासूनच ही राखण अपुरी असते.

पण आपल्या भागात जागल्या दुबळा होण्याचे आणखी एक कारण आहे. ते पुष्कळ घरांत आहे, आणि पुष्कळांना ठाऊक नाही. ते म्हणजे सिकलसेल.

एका रात्रीची गोष्ट

समजा, आपल्या भंडारा जिल्ह्यातले एक गाव आहे. लाखांदूरकडचे म्हणा, नाहीतर तुमसरकडचे म्हणा. रोवणीचे दिवस आहेत. घरात दीड वर्षाची पोरगी आहे. दुपारी तिला ताप भरतो. सून सासूला म्हणते,

"आत्याबाई, पोरीचं आंग तव्यासारखं तापलं जी."

सासू म्हणते, "दात येत असतीन. रोवणी सोडून आज कसं जमन? उद्या नेऊ."

सासू वाईट नाही. नातीवर तिचाही जीव आहे. पण ताप म्हणजे ताप, असे तिला वाटते. तिने सात पोरांचे ताप पाहिले आहेत. सगळे दोन दिवसांत उतरले.

संध्याकाळी पोरगी दूध घेत नाही. मान टाकते. रात्री तिचा श्वास जोरजोरात चालतो. कोणी अंगारा लावतो. कोणी ओल्या फडक्याने अंग पुसतो. पहाटे पोरगी जाते.

मग लोक बोलू लागतात. कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, आईने हेळसांड केली. आई स्वतःलाच दोष देते. खरे कारण कोणालाच कळत नाही. पोरीला सिकलसेल होता. तिच्या रक्तावर पहारा देणारा जागल्या आधीच निकामी झाला होता. म्हणून जंतू रक्तात शिरले आणि एका रात्रीत वाढले.

हा जागल्या कोणता, ते आता पाहू.

पाणथरी काय काम करते?

तुमचा हात डाव्या कुशीवर ठेवा. शेवटच्या बरगड्यांच्या आत, पोटाच्या मागच्या बाजूला एक अवयव आहे. तो मुठीएवढा असतो. त्याला पाणथरी म्हणतात. डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. निरोगी माणसाची पाणथरी सहसा हाताला लागत नाही. ती बरगड्यांच्या आड असते.

पाणथरी म्हणजे रक्ताची गाळणी. रक्त तिच्या अरुंद वाटांतून जाते. म्हाताऱ्या झालेल्या रक्तपेशी तिथे अडकतात. त्या मोडल्या जातात. त्याच वेळी रक्तातले जंतूही तिथे पकडले जातात.

काही जंतूंच्या अंगावर बुळबुळीत कवच असते. न्यूमोनियाचे जंतू असेच आहेत. बुळबुळीत मासा हातात ठरत नाही. तो निसटतो. पण जाळ्यात मात्र सापडतो. पाणथरी हे असे जाळे आहे. बाकीच्या पेशींच्या हातून जे जंतू निसटतात, ते ती धरते. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे काही जंतूही याच जातीचे आहेत.

जाळे फाटले तर काय होईल? हे जंतू रक्तात मोकळे फिरतील. तासातासाला वाढतील.

विळ्यासारखे रक्त

आता सिकलसेल म्हणजे काय ते पाहू. सिकल म्हणजे विळा. आपल्याकडे कोणी इळा म्हणतात. सेल म्हणजे पेशी. विळ्याच्या आकाराची पेशी, म्हणून सिकलसेल.

रक्ताला लाल रंग येतो तो लाल पेशींमुळे. त्या गोल आणि मऊ असतात. बारीक नळीतूनही त्या वाकून, दबून पुढे जातात. अशी पेशी सुमारे 120 दिवस जगते.

सिकलसेलच्या रोग्याची लाल पेशी प्राणवायू कमी झाला की कडक होते. ती विळ्यासारखी वाकडी होते. ती 10 ते 20 दिवसांतच मोडते. म्हणून रोग्याला रक्त कमी पडते. डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती यांत असह्य दुखते.

तलावाच्या पाटाचे तोंड आठवा. तिथे काडीकचरा अडकला की पाणी तुंबते. पुढच्या बांध्या कोरड्या राहतात. पाणथरीत तसेच होते. तिच्या वाटा अगदी अरुंद आहेत. वाकड्या पेशी तिथे सर्वांत आधी अडकतात. पाणथरीला रक्त नीट मिळत नाही. तिचा थोडा थोडा भाग मरत जातो.

हे सर्व लहानपणीच घडू लागते. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ बरे दिसते. कारण आईच्या पोटात असताना तयार झालेले रक्त त्याच्या अंगात असते. ते रक्त वाकडे होत नाही. पुढे ते कमी होत जाते आणि रोग दिसू लागतो. बाहेरून काही कळायच्या आधीच आतली गाळणी बिघडायला लागते. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना धोका सर्वांत जास्त असतो.

आपल्याकडच्या पुष्कळ रोग्यांची पाणथरी बरीच वर्षे मोठी राहते. ती बरगडीखाली हाताला लागते. कोणी म्हणेल, मोठी आहे म्हणजे चांगलीच आहे. तसे नाही. मोठी पाणथरीही कामाला कमी असू शकते. जागल्या माळ्यावर दिसतो, पण झोपलेला असला तर पीक कसे वाचेल?

हा रोग आला कुठून?

1910 साली अमेरिकेत शिकागो शहरातील डॉ. हेरिक यांनी एका रोग्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्या आणि ते लिहून ठेवले. भारतात 1952 साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत हे रक्त सापडले. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या लोकांतही ते आहे, असे जगाला कळवले. आज विदर्भातल्या सगळ्या जिल्ह्यांना हा रोग माहीत आहे. तो एका जातीचा किंवा एका गावाचा रोग नाही. पुष्कळ समाजांत तो आहे.

हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. खोकल्याने पसरत नाही. तो आईबापांकडून मुलाला मिळतो.

प्रत्येक माणसाच्या अंगात रक्ताच्या या गुणाची दोन बीजे असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही चांगली असली तर माणूस निरोगी. एक चांगले आणि एक सिकलचे असले तर माणूस वाहक. वाहक सहसा आजारी नसतो. तो धानाचे पोते उचलतो, नांगर धरतो, सगळी कामे करतो. पण दोन्ही बीजे सिकलची असली तर माणूस रोगी.

आई आणि बाप दोघेही वाहक असले तर काय होते? प्रत्येक खेपेला बाळ रोगी होण्याचा संभव चारात एक असतो. वाहक होण्याचा संभव चारात दोन असतो. पूर्ण निरोगी होण्याचा संभव चारात एक असतो. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तिन्ही चांगलीच होतील, असे नाही. दर खेपेला नाणे नव्याने उडते.

तेव्हा एकट्या आईला दोष देणारे चुकतात. एक बीज आईचे असेल तर दुसरे बापाचे आहे. आणि बीज कोणी ठरवून देत नाही. इथे कोणीच दोषी नाही.

मग असे बीज टिकले कसे? याचे उत्तर मोठे नवलाचे आहे. 1954 साली ॲलिसन नावाच्या डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की वाहकाला मलेरिया सहजासहजी मारू शकत नाही. जंगलाच्या आणि पाण्याच्या मुलखात मलेरियाने लहान मुले मरत. त्यांत वाहक मुले जास्त वाचली. त्यांचे बीज पुढे चालले. जे वाहकाचे रक्षण करते, तेच दोन्ही बाजूंनी आले की मुलाच्या जिवावर उठते. रोगी मुलाला मलेरियाही फार जड जातो. म्हणून त्याला मच्छरदाणीत निजवावे.

दोन थेंब औषध आणि आईचा हात

गेलेला जागल्या परत आणता येत नाही. पण त्याच्या जागी दुसरी राखण बसवता येते.

अमेरिकेत डॉक्टरांनी सिकलसेलच्या 215 लहानग्यांवर एक प्रयोग केला. सगळे तीन वर्षांच्या आतले होते. 105 मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिले. 110 मुलांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य दिले. औषध नसलेल्या 13 मुलांना रक्तात जंतू शिरण्याचा आजार झाला. त्यांतली तिघे दगावली. औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना तो आजार झाला. दगावले कोणीच नाही. फरक इतका उघड होता की प्रयोग ठरलेल्या मुदतीआधीच थांबवला आणि सगळ्यांना औषध दिले. हे 1986 साली जगाला कळले.

पेनिसिलिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. सिकलसेलच्या बाळाला ते दोन-तीन महिन्यांच्या वयापासून निदान पाच वर्षांचे होईपर्यंत रोज दोन वेळा देतात. किती द्यायचे ते डॉक्टर सांगतात. मूल खेळते आहे, हसते आहे, मग औषध कशाला, असे म्हणून ते बंद करू नये. डुकरे आली नाहीत म्हणून आपण जागल मोडतो का?

दुसरी राखण म्हणजे लस. न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळते. ती बाळाला 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने या वयात देतात. दुसऱ्या एका कवचवाल्या जंतूविरुद्धची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या पेंटाव्हॅलेंट सुईत असते. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असतो. तो चुकवू नका. सिकलसेलच्या मुलाला आणखी लसी लागतात का, तेही डॉक्टरांना विचारा.

तिसरी राखण म्हणजे आईचा हात. जमैका नावाचे एक बेट आहे. तिथेही हा रोग पुष्कळ आहे. कधी कधी अंगातले बरेचसे रक्त एकाएकी पाणथरीत साठते. पाणथरी फुगते आणि मूल पांढरे पडते. वेळेवर रक्त दिले नाही तर ते दगावते. तिथल्या डॉक्टरांनी आयांना रोज मुलाच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाणथरी चाचपायला शिकवले. पूर्वी असे 100 वेळा घडले तर सुमारे 29 वेळा मूल जात असे. आया शिकल्यावर 100 मध्ये सुमारे तीनच गेली. ही गोष्ट 1985 साली छापून आली. त्या आयांजवळ कोणतेही यंत्र नव्हते. तुम्हीही आरोग्य केंद्रात परिचारिकेकडून हे शिकून घ्या.

याशिवाय रक्त वाढण्यासाठी फॉलिक ॲसिडची गोळी असते. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध पेशी वाकडी होणे कमी करते आणि दुखणेही कमी करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. मुलाला भरपूर पाणी पाजावे. उन्हातान्हात आणि कडक थंडीत जपावे.

ताप आला तर?

हे नीट वाचा. पुन्हा वाचा.

सिकलसेलच्या मुलाचा ताप साधा धरू नये. थर्मामीटरमध्ये 101 डिग्री किंवा जास्त ताप दिसला तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. थर्मामीटर नसेल आणि अंग तापलेले असेल तरीही निघावे. रोवणी असो, लग्न असो, रात्र असो. उद्यावर टाकू नये.

तापाची गोळी दिली की अंग थंड होते. पण गोळीने जंतू मरत नाहीत. ताप उतरला म्हणून घरी थांबू नका. जंतू मारणारे औषध पुष्कळदा सुईतून द्यावे लागते. ते जितके लवकर मिळेल तितके बरे.

श्वास जोरात चालणे, मूल सुस्त पडणे, एकदम पांढरे पडणे, डाव्या कुशीत पोट फुगणे, झटके येणे, एका बाजूचा हातपाय न हलणे, यांतले काहीही दिसले तरी तसेच करावे. 108 क्रमांकावर फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते.

आता त्याच घरात पुन्हा जाऊ. या वेळी पोरीची तपासणी आधीच झालेली आहे. तिचे कार्ड घरात आहे. दुपारी ताप भरतो. सून म्हणते, "आत्याबाई, पोरीचं आंग तापलं जी."

सासू हातातले काम टाकते. म्हणते, "कार्ड घे. आशाताईले आवाज दे. रोवणी उद्याही होईन."

दवाखान्यात पोहोचल्यावर सून आधी एकच वाक्य सांगते, "डॉक्टरसाहेब, पोरीले सिकलसेल हाय." डॉक्टरला हे ठाऊक झाले की तो वाट पाहत बसत नाही. लगेच औषध सुरू करतो. चार दिवसांनी पोरगी आजीच्या कडेवर बसून घरी येते.

ताप तोच आहे, जंतू तेच आहेत. फक्त घराला माहीत होते.

माहीत कसे होईल?

तपासणी करून. आरोग्य केंद्रात बोटातून थोडे रक्त घेतात. ते एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले तर सिकलचे बीज आहे असे समजतात. मग दुसरी मोठी तपासणी करून माणूस वाहक आहे की रोगी, ते ठरवतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ही गढूळ पाण्याची तपासणी लागू पडत नाही. त्याच्यासाठी मोठी तपासणीच करावी लागते. आईबाप वाहक असतील तर बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवावे.

1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत हा रोग हटवायचा, असे तिचे ध्येय आहे. पण मोहीम आपल्या दारापर्यंत येते तेव्हा बोट आपल्यालाच पुढे करावे लागते.

लग्न जुळवताना आपण घर पाहतो, शेत पाहतो, गुण पाहतो. मुलगा आणि मुलगी दोघांची ही तपासणीही पाहावी. एक जण वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मूल या रोगाचे रोगी होत नाही. दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन विचार करावा. वाहक असणे हा कलंक नाही. ते लपवणे मात्र मुलाच्या जिवावर बेतू शकते.

हे लक्षात ठेवा

1. सिकलसेलच्या मुलाची पाणथरी दुबळी असते. म्हणून त्याला जंतूंची बाधा लवकर होते.
2. पेनिसिलिन रोज दोन वेळा. खाडा नको.
3. लस वेळेवर.
4. ताप आला की त्याच वेळी दवाखाना. आधी सांगा, "याला सिकलसेल आहे."
5. घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यावी. कार्ड जपून ठेवावे.

वाचून सांगा

पाणथरी शरीरात कोठे असते? ती काय काम करते?
वाहक आणि रोगी यांत फरक काय?
तापाची गोळी देऊन घरी का थांबू नये?
तुमच्या घरात कोणाकोणाची तपासणी झाली आहे? कोणाची राहिली आहे? त्यांची नावे पाटीवर लिहा.